कॅन्ससच्या खेड्यात तीन वर्षं काढायची आहेत, जमेल का? पंधरा वर्षं काढलेल्या डॉक्टरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याची न्यू जर्सीत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण संपत आलीय, जे-१ म्हणजे प्रशिक्षणापुरता व्हिसा आहे, त्यावरची मायदेशी परतायची अट माफ करून देणारी (वेव्हरची) नोकरी मिळतेय ती पश्चिम कॅन्ससमधल्या दोन हजार वस्तीच्या गावात, चार वर्षांचा मुलगा आहे, आणि विचारणारी स्वतः आधी पुण्यात आयटीत होती. माणसं कशी असतात, एकटं पडायला होतं का, भीती वाटते का, आपलं खाणं मिळतं का.

तू म्हटलं तर चालेल ना, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील. मी मूळची जत तालुक्यातली, एमबीबीएस मिरजेला, मग इथे येऊन फॅमिली मेडिसिन केलं आणि २०१० च्या जुलैमध्ये कॅन्ससच्या वायव्य कोपऱ्यातल्या अशाच एका गावात तीन वर्षांसाठी म्हणून आले ती अजून इथेच आहे. गावाचं नाव लिहीत नाही कारण अख्ख्या काउंटीत (म्हणजे इथला जिल्हा समज) मराठी डॉक्टर एकच आहे आणि माझ्या पेशंटांना गूगल ट्रान्सलेट वापरता येतं.

एकटं पडायचं आधी सांगते, कारण फोनवर सगळ्याजणी पहिलं तेच विचारतात. होतं उलटंच. इथे तुला कोणी नजरेआड होऊ देत नाही. घरात घुसत नाहीत, न सांगता दार वाजवत नाहीत, पण तू कुठे आहेस, काय करतेयस हे गावाला माहीत असतं. आम्ही आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी क्लिनिक सुटल्यावर जरा शेतं बघू म्हणून जुनी कोरोला घेऊन कच्च्या रस्त्याने गेले, दुपारी पाऊस झालेला, आणि इथली माती ओली झाली की साबणासारखी होते हे मला कोण सांगणार, गाडी हळूच घसरत घसरत चरात जाऊन बसली. फोनला रेंज नाही. वीसेक मिनिटांनी एक म्हातारा ट्रॅक्टर घेऊन आला, एक शब्द न बोलता साखळी लावली, गाडी वर काढली, पैसे द्यायला लागले तर माझ्याकडे असं बघितलं की मी पर्स परत आत टाकली. सकाळी क्लिनिकला गेले तर रिसेप्शनवरची बाई विचारते, "गाडी धुतलीस का?" दुपारी फार्मसिस्ट म्हणाला त्या रस्त्याने पावसात जायचं नसतं. संध्याकाळी वाणसामानाच्या दुकानात पिशव्या भरणारा शाळकरी पोरगा गालात हसत होता. कहर म्हणजे माझा नवरा त्या दिवशी डेन्व्हरला होता, तो परत येताना पेट्रोल भरायला थांबला तर त्याला माझ्या आधी पंपावर कळलं.

तुला वाटेल हे तर आपल्या गावासारखंच झालं. अर्धं तसंच आहे. पण आपल्याकडे गावाला सगळं माहीत असतं आणि गाव तोंडावर बोलतं, सल्ला देतं, भांडतं. इथे माहीत असतं पण बोलत नाहीत. सगळे गोड बोलतील, हवामानाबद्दल बोलतील, तुझ्या मुलाला नावाने हाक मारतील, आणि तरी स्वयंपाकघरात बसून मनातलं बोलायला कोणी मिळायला मला चार वर्षं लागली. न्यू जर्सीत शेजारी ओळखत नाही, त्याचं काही वाटत नाही कारण कोणीच कोणाला ओळखत नाही. इथे सगळे ओळखतात आणि तरी तू बाहेरची, हे पहिली दोन वर्षं जाम टोचतं. तेवढी तयारी ठेव, बाकी सगळं सवयीने होतं.

रस्त्यावरची एक रीत मात्र पहिल्या दिवसापासून शिकून घे. समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरची तर्जनी उचलतो. पूर्ण हात नाही हलवायचा, एक बोट. तूही उचलायचं, ओळख असो नसो. नाही उचललंस तर कोणीतरी नवऱ्याला विचारेल, घरी सगळं ठीक आहे ना.

आता गाव म्हणजे काय ते सांगते, कारण खेडं म्हटल्यावर डोळ्यासमोर वेगळंच येतं. इथली जमीन दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मोजणी करून एक-एक मैलाच्या चौकोनात कापलेली आहे, एक चौकोन म्हणजे सेक्शन, ६४० एकर, त्याचा चौथा भाग म्हणजे क्वार्टर, १६० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला हाच क्वार्टर मिळायचा. रस्ते त्या चौकोनांच्या कडेने जातात म्हणून मैलामैलाला चौक. पत्ता विचारलास तर "गावातून चार मैल नॉर्थ, दोन वेस्ट" असं सांगतात, डावं-उजवं कोणी म्हणत नाही. माझी एक नर्स तर पेशंटला "उशी जरा साउथला सरकव" म्हणते आणि पेशंट सरकवतो.

आता क्वार्टरवर कोणाचं पोट भरत नाही. पाऊस वर्षाला अठरा-वीस इंच, म्हणजे साधारण आपल्या जत-आटपाडीइतकाच, आणि कोरडवाहू गहू करणारा एकेक शेतकरी काही हजार एकर करतो, तोही मुलगा आणि एखादा गडी एवढ्यावरच. मशिनं मोठी होत गेली तशी माणसं कमी होत गेली. आमच्यासारख्या काउंट्यांची वस्ती शंभर वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा जास्त होती, म्हणून मेन स्ट्रीटवर विटांच्या दुमजली देखण्या इमारती दिसतील आणि त्यातल्या निम्म्यांच्या काचांना आतून पेपर चिकटवलेला. ते बघून पहिल्या दिवशी घाबरू नकोस. गाव मेलेलं नसतं, अंगापेक्षा सदरा मोठा झालाय एवढंच.

दोन हजारांच्या आणि काउंटीचं मुख्य ठाणं असलेल्या गावात काय असतं? कोर्टहाउस, गावाचं नाव लिहिलेली पाण्याची टाकी, रेल्वेलाइनला लागून धान्याचा एलिव्हेटर म्हणजे सिमेंटचे दहा-बारा मजली गोल हौदच, वीस मैलांवरून दिसतात, एक किराणा दुकान, एक डॉलर जनरल म्हणजे स्वस्त सटरफटर वस्तूंचं दुकान, दोन बँका, सात-आठ चर्चेस, शाळा, उन्हाळ्यापुरता उघडा पोहण्याचा तलाव, लायब्ररी, नर्सिंग होम, हॉस्पिटल. एक मेक्सिकन हॉटेल, आणि एक कॅफे जिथे पहाटे सहाला रिटायर झालेले शेतकरी एका टेबलावर बसून फासे टाकून कॉफीचं बिल कोणी द्यायचं ते ठरवतात. काउंटीचं सगळं राजकारण त्या टेबलावर होतं, कोर्टहाउसमध्ये फक्त सही. हायवेवर मोटेल असलं तर तिथे जाऊन "केम छो" म्हणून बघ, बऱ्याचदा पटेलच निघतात. आमच्या इथल्या मोटेलवाल्या बेननी पहिल्या हिवाळ्यात मला कोथिंबीर दिली होती, खिडकीत वाढवलेली, मला रडू यायचं बाकी होतं.

रोज दुपारी बाराला भोंगा वाजतो, दचकू नको. शेतकऱ्यांच्या तोंडी "डिनर" म्हणजे दुपारचं जेवण, रात्रीचं ते "सपर". हे मला कसं कळलं? एका कुटुंबाने रविवारी डिनरला बोलावलं, मी संध्याकाळी साताला फुलं घेऊन हजर. ती माणसं साडेबारापासून वाट बघून, जेवून, झोप काढून उठली होती. बाईंनी काही न बोलता सगळं परत गरम केलं आणि तीही पुन्हा थोडं जेवली. आजतागायत त्यांनी मला ते बोलून दाखवलेलं नाही. गावाला मात्र माहीत आहे.

नवऱ्याच्या कामाबद्दल. ही नोकरी का मिळतेय ते नीट समजून घ्या म्हणजे नंतर त्रास होत नाही. जे-१ वर रेसिडेन्सी केली की दोन वर्षं मायदेशी परत जायची अट असते, ती माफ करण्यासाठी १९९४ पासून कॉनराड नावाची योजना आहे, नॉर्थ डकोटाच्या सिनेटरच्या नावाने, आता प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं पूर्ण वेळ काम करायचं. नोकरीच्या एच-१बी व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागायची भानगड त्यात नसते, ही मोठी सोय. पण तीन वर्षं हा आकडा फसवा आहे. ग्रीन कार्डसाठी डॉक्टरांचा जो नॅशनल इंटरेस्ट वेव्हर (ही वेगळी सवलत) असतो त्याला अशाच भागात पाच वर्षं लागतात, आणि आपल्या भारतीयांची रांग किती लांब आहे ते तुला सांगायला नको. आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी रिक्रूटर सांगत नाही: आत्ता तू जे-२ वर म्हणजे जे-१ वाल्याच्या बायकोच्या व्हिसावर असशील तर वर्क परमिट मिळू शकतं, पण तो एच-१बी वर गेला की तू एच-४ वर जाशील, आणि एच-४ वाल्यांना नवऱ्याचा आय-१४० म्हणजे ग्रीन कार्डसाठीचा अर्ज मंजूर होईपर्यंत काम करता येत नाही. त्यामुळे आय-१४० पहिल्या दिवसापासून कोण भरणार, कधी भरणार, वकिलाचे पैसे कोण देणार हे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्या. तोंडी "हो हो करू" वर जाऊ नका. मला तोंडी सांगितलेलं की विमानतळ अगदी जवळ आहे, तो विमानतळ म्हणजे पिकांवर फवारणी करणाऱ्या विमानांची धावपट्टी निघाली. डेन्व्हर साडेतीन तास.

हॉस्पिटल बहुतेक क्रिटिकल ॲक्सेस म्हणतात त्या प्रकारचं असणार. १९९७ च्या कायद्याने ही सोय केली, जास्तीत जास्त २५ खाटा, ईआर म्हणजे तातडीचा विभाग चोवीस तास, पेशंटचा मुक्काम सरासरी ९६ तासांच्या आत, आणि त्या बदल्यात मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा ठरावीक दराऐवजी खर्चाप्रमाणे पैसे देतं. नाहीतर ही हॉस्पिटलं कधीच बंद पडली असती. तुझ्या नवऱ्याला आत्ता मागे कार्डिओलॉजी, सर्जरी, आयसीयू सगळं उभं असायची सवय आहे. इथे रात्री दोन वाजता ईआरमध्ये तो, एक-दोन नर्स, स्क्रीनवर लांबच्या शहरातला स्पेशलिस्ट, आणि ॲम्ब्युलन्स घेऊन आलेले लोक म्हणजे दिवसा बँकेत काम करणारी बाई आणि शाळेचा सुतारकामाचा मास्तर, कारण इथली ॲम्ब्युलन्स आणि आगीचा बंब दोन्ही गावकरीच चालवतात. हेलिकॉप्टर मागवता येतं पण वारा नाहीतर बर्फ असेल तर ते येत नाही, मग पेशंट त्याचाच. माझ्या पहिल्या वर्षात मी कॉलच्या रात्री बूट घालून झोपायचे.

आणि इथले पेशंट तक्रार करत नाहीत. ईआरमधला जुना नियम आहे: हार्वेस्टच्या दिवसांत शेतकरी स्वतःहून आला तर आधी ईकेजी (आपला ईसीजी) लावा, नाव नंतर लिहा. जूनच्या शेवटी गहू कापायला येतो, दोन-अडीच आठवडे सगळा गाव झोपत नाही, टेक्सासपासून कापत कापत वर येणाऱ्या कंबाइनवाल्यांच्या टोळ्या उतरतात, एलिव्हेटरपुढे ट्रकांची रांग, आणि त्या दिवसांत माझी ओपीडी ओस. एकजण बोट कापडात गुंडाळून आला होता, तीन तासांपूर्वी तुटलेलं. म्हटलं लगेच का नाही आलात, तर म्हणाला पाऊस यायचा रंग होता, तेवढं शेत संपवलं. मला माझे आजोबा आठवले, तेही असेच होते. भाव पडले, गारपीट झाली की हेच लोक गप्प गप्प होतात. रक्तदाब तपासायला म्हणून येतात आणि खुर्चीतून उठत नाहीत. तेव्हा घड्याळाकडे बघायचं नाही, हे मी जतच्या दुष्काळात शिकून आले होते, मेडिकल कॉलेजात नाही.

तुझा नवरा दुकानात भाजी घेताना कोणीतरी शर्ट वर करून पुरळ दाखवणार, हे धरून चाला. आणि तुला पेशंटबद्दल काही माहीत नाही हे लोकांना पटणार नाही, तेव्हा चेहरा कोरा ठेवायची प्रॅक्टिस कर.

मुलाची शाळा. या एका गोष्टीसाठी मी इथे राहिले म्हण हवं तर. वर्गात बारा-पंधरा मुलं. फुटबॉलला अकरा खेळाडू जमत नाहीत म्हणून कॅन्ससच्या छोट्या शाळा आठ जणांचं फुटबॉल खेळतात, आणि मुलं इतकी कमी की जो खेळतो तोच हाफटाइमला खेळाचे कपडे न बदलता बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. माझ्या लेकीने व्हॉलीबॉल, नाटक, वादविवाद सगळं केलं, मोठ्या शाळेत तिला कोणी उभंही केलं नसतं. काउंटी फेअरला तिने फोर-एच म्हणजे इथल्या मुलांच्या मंडळातून बकरा पाळून रिंगणात फिरवला आणि लिलावात विकला, दोन दिवस जेवली नाही, पुढच्या वर्षी परत पाळला. उणी बाजू पण ऐक. ॲडव्हान्स मॅथ नाही, फिजिक्स एक वर्षाआड, बऱ्याच गोष्टी व्हिडिओवर. लहान मुलांसाठी डे-केअरची मारामार असते, हे आल्यावर नाही, यायच्या आधी फोन करून यादीत नाव घाल. आणि इथे चौदाव्या वर्षी शेतीकामासाठी ड्रायव्हिंगचं परमिट मिळतं, म्हणजे तुझ्या मुलाचा मित्र पिकअप घेऊन दारात येणार आहे, मनाची तयारी आत्तापासून कर.

भीती. घरच्यांनी २०१७ ची ओलेथची बातमी वाचलेली असणार, बारमध्ये भारतीय इंजिनिअरला गोळ्या घातल्या ती. ओलेथ कॅन्ससमध्येच आहे पण ते कॅन्सस सिटीचं उपनगर, आमच्यापासून सहा तासांवर. त्या आठवड्यात माझ्या आईचे दिवसाला तीन फोन यायचे. मी काय सांगणार, मलाही पोटात गोळा आलेला. मग गुरुवारी क्लिनिकमध्ये एक म्हातारी नुसती हात धरून बसली, बोलली काही नाही. इथे बंदुका घरोघरी आहेत, निवडणुकीत मतं कुठे जातात ते तुला ठाऊक असेल, अंगणात पाट्या लागतात. एका पेशंटने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं की त्याला अमेरिकन डॉक्टर हवा. मी म्हटलं ठीक. तो अजूनही माझ्याकडे येत नाही, पन्नास मैल लांब जातो. रस्त्यात दिसला की बोट उचलतो, मीही उचलते. याचा अर्थ काय लावायचा ते मी पंधरा वर्षांत ठरवू शकले नाही. उघड शिवीगाळ मला या गावात एकदाही झालेली नाही, मोठ्या शहरातल्या पार्किंगमध्ये मात्र झालीय.

"कुठल्या चर्चला जाता" हे पहिल्या आठवड्यात दहा जण विचारतील. त्यात खोच नसते, जातीचा अंदाज घ्यायला आपल्याकडे आडनाव विचारतात तेवढी तर अजिबात नाही. चर्च हे इथलं मंगल कार्यालय, वाचनालय, भिशी सगळं आहे म्हणून विचारतात. मी सांगते आम्ही हिंदू, आणि मग मेथडिस्ट वगैरे सगळ्या पंथांच्या चर्चच्या तळघरातल्या जेवणांना जाते. मयताचं जेवण पण तिथेच असतं, हॅम, बटाट्याची ओव्हनमधली भाजी, आणि जेली घातलेलं एक गोड सॅलड ज्याला सॅलड का म्हणतात ते देवाला माहीत. सुरुवातीला मला विचित्र वाटलं, आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, इथे सगळं गाव गप्पा मारत जेवतं. पण बघ, चूल त्या घरचीही पेटलेली नसतेच, शिजवून आणलेलं असतं सगळं दुसऱ्यांनी.

सासरे गेले २०१४ ला, सांगलीत. व्हिसाच्या स्टँपिंगचं काहीतरी अडकलेलं, नवऱ्याला जाता आलं नाही. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, बहुतेक लेक शाळेत बोलली. संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर अकरा भांडी. बेल वाजवून निघून जायचे, आत कोणी आलं नाही. झाकण काढलं तर बहुतेकात बीफ, आणि घरात सुतक, आम्हाला रडावं का हसावं कळेना. शेवटी दोन शाकाहारी निघाली ती खाल्ली, बाकीची नर्स लोकांनी न विचारता नेली. प्रत्येक भांड्याच्या बुडाला मास्किंग टेप आणि त्यावर पेनने आडनाव, भांडं परत कोणाकडे द्यायचं ते कळावं म्हणून. आता रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही आपल्या आईची शिकवण, मग मी तेरावं झाल्यावर दोन दिवस बसून शंकरपाळी आणि चकल्या केल्या आणि अकरा घरी भरून दिली. त्यांची पद्धत तशी नव्हती. त्यांना वाटलं ही नवीन भेट, मग त्यांनी परत काहीतरी पाठवलं. ते अजून चालूच आहे. स्वयंपाकघरात बसून मनातलं बोलायला मिळालेली बाई म्हटलं ना, ती त्यातल्याच एका भांड्यामागची.

खाणं. तूरडाळ, पोहे, मसाले डेन्व्हरहून, दोन महिन्यांनी एकदा, डिक्की भरून. गावातल्या दुकानात कांदा, बटाटा, कोबी, मिरचीला हालापिनो, मेक्सिकन लोकांमुळे कोथिंबीर आता मिळते. पण खरी गंमत ऐक. कॅन्सस अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी पिकवतं. माझे वडील आले तेव्हा त्यांना घेऊन एका शेतावर गेले, ते लोक मायलो म्हणतात, कमरेएवढी बुटकी, लालसर कणसं, सगळी एका उंचीची म्हणजे कंबाइनला सोपी. वडील बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "आणि कडबा?" कडबा नाहीच. शेतकऱ्याला विचारलं तुम्ही हे खाता का, तो म्हणाला गुरं खातात. वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जाताना त्याने कणगीतून एक बादली भरून दिली. मी मिक्सरला काढली, चाळली, उकळत्या पाण्यात पीठ मळलं, भाकरी थापताना कडा चिरत होत्या पण फुगली, रंग नाचणीकडे झुकणारा, चव थोडी ओबडधोबड. वडिलांनी तीन खाल्ल्या. तुला मागायची झाली तर कणगीतलीच माग, पेरणीच्या पोत्यातली कधी घेऊ नको, त्या बियाण्याला औषध लावलेलं असतं.

वडिलांचं आणि त्या शेतकऱ्याचं पुढे पाण्यावर बोलणं झालं, मी मध्ये दुभाषी. खाली ओगलाला नावाचा मोठा भूजलसाठा आहे, मक्यासाठी उपसून उपसून पातळी खाली चाललीय. शेजारच्या शेरिडन-थॉमस काउंटीतल्या एका पट्ट्यात शेतकऱ्यांनीच पुढाकार घेऊन २०१३ पासून उपसा साधारण वीस टक्क्यांनी कमी करायचा नियम करून घेतला, मीटर लावून. वडिलांना ते पटेना. "आणि सगळे पाळतात?" असं त्यांनी तीनदा विचारलं.

हवामान पटकन सांगते. टोर्नेडोचा, म्हणजे जमिनीवरच्या भोवऱ्यासारख्या वादळाचा, "वॉच" म्हणजे होऊ शकतं, "वॉर्निंग" म्हणजे दिसलंय, तळघरात जा. तळघर नसलेलं घर भाड्याने घेऊ नका. दक्षिण कॅन्ससमधलं ग्रीन्सबर्ग ४ मे २००७ च्या रात्री जवळजवळ ९५ टक्के साफ झालं, भोंगा वीस मिनिटं आधी वाजला आणि लोक तळघरात होते म्हणून बरेचसे वाचले. पण माझ्या मते इथलं खरं संकट बर्फाचं वादळ. आय-७० हायवेला रेल्वे फाटकासारखी गेट आहेत, वादळ आलं की गुडलंडला बंद करतात आणि तू जिथे असशील तिथे अडकतेस. गाडीत ब्लँकेट, फावडं, पाणी, ऑक्टोबर ते एप्रिल. शिवाय गुडलंड ज्यात आहे ती शर्मन काउंटी धरून राज्याच्या पश्चिम कडेच्या चार काउंट्या एक तास मागे आहेत, माउंटन टाइमवर, बाकीचं कॅन्सस सेंट्रलवर, त्यामुळे अपॉइंटमेंट घेताना "कोणाच्या वेळेने" हे विचारायचं.

तू स्वतः काय करणार हा तुझ्या पत्रात नसलेला पण खरा प्रश्न. डॉक्टरांची कुटुंबं इथून निघून जातात ती बहुतेक बायकोचा जीव रमला नाही म्हणून, मी पंधरा वर्षांत चार गेलेली बघितली. पगाराचं काम करता येत नसेल तरी लायब्ररीच्या बोर्डावर जा, शाळेत मुलांना वाचायला बसव, फेअरमध्ये पाय कापून वाढायला उभी राहा. पाय म्हणजे ते गोड पाय, घाबरू नको. इथे प्रत्येक माणूस तीन-तीन कामं करतो कारण माणसंच कमी आहेत, आणि कोणी तुला येऊन विचारणार नाही कारण त्यांना वाटतं डॉक्टरची बायको, तिला कशाला त्रास. तूच जाऊन म्हणायचं, मी काय करू.

बघायला बोलावतील ते मे महिन्यात, गहू हिरवागार असतो, हॉस्पिटल बोर्डाचे लोक स्टेक खायला घालतात, सगळं छान दिसतं. तुम्ही फेब्रुवारीत जा म्हणावं. वारा सुटलेला असताना, मुलाला घेऊन, दोन रात्री मोटेलमध्ये राहा, हॉस्पिटलच्या बायकांना बाजूला घेऊन विचार आधीचा डॉक्टर का गेला, आणि त्यांनी उत्तर द्यायला किती वेळ घेतला ते बघ.

आलीस तर कुकर, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं आण. कढया-डबे जरा जास्तच आण, परत येताना ते कधी रिकामे येणार नाहीत. मास्किंग टेप इथे मिळते.